कानबाईची गाणी, ८५ जीबी, सहा घरं: टोरंट जमेल का?

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९.१२

राम राम मंडळी. अमळनेरहून लिहितोय. धागा तांत्रिक आहे, पण मी तांत्रिक माणूस नाही, शाळामास्तर आहे. सांभाळून घ्या.

आमच्या अण्णांना टेपरेकॉर्डरचा नाद होता. १९८३ ते १९९७ या काळात भावकीतलं एकही लग्न, आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचं एकही जागरण, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) एकही झोका त्यांनी सोडला नाही. पत्र्याच्या डब्यात ६६ कॅसेटी निघाल्या. गेल्या हिवाळ्यात बसून सगळ्या संगणकात घेतल्या. अर्ध्या कॅसेटींमधली ती छोटी स्पंजची गादी गळून पडली होती, ती नव्याने चिकटवावी लागली. गुंता झालेली फीत षटकोनी पेन्सिलीने गुंडाळणं हे काम ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

दोन कॅसेटींवर नुसती बँडवाल्यांची सिनेमातली गाणी होती, त्या बाजूला ठेवल्या. उरल्या ६४, म्हणजे १२८ बाजू, १२८ फ्लॅक फाइली (आवाजाची प्रत न घटवता साठवायचा प्रकार). एकूण ८५ जीबी.

हे सगळं सहा घरांत असायला हवंय: मी, सुरतेचा चुलतभाऊ, पुणे, नाशिक, शिरपूर आणि धुळे. गूगल ड्राइव्हवर फुकटात १५ जीबी मिळतात. दरमहा पैसे भरायचे, तर माझ्यानंतर ते कोण भरणार? भाचा म्हणतो टोरंट कर. मला टोरंट म्हणजे चोरीचे सिनेमे एवढंच माहीत. जमेल का?

शंकेखोर | सोमवार, रात्री ९.३१

हार्ड डिस्क घ्या, कॉपी करा, अमळनेर स्टेशनवर सुरतेच्या गाडीत ओळखीच्या माणसाकडे द्या. विषय संपला. पॅसेंजरने सहा तास धरले तरी ८५ जीबी म्हणजे ३१ एमबीपीएस पडतो. तुमच्या घरच्या नेटचा अपलोड तेवढा आहे का?

बोरीकाठ | सोमवार, रात्री ९.३८

😀 नाही. २० आहे.

कळण्याची_भाकरी | सोमवार, रात्री ९.५०

शंकेखोर, हिशोब बरोबर, पण डिस्क पडली की संपलं. शिवाय सहा घरं म्हणजे पाच डिस्का आणि पाच ओळखीची माणसं.

आमच्याकडे चोपड्याच्या स्टँडजवळ एक मोबाइलवाला होता, २ जीबीचं कार्ड दिलं की संध्याकाळपर्यंत अहिराणी गाण्यांनी भरून द्यायचा. त्याच्याकडे कुठून यायची? दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कार्डातून! खान्देशातलं पहिलं पीअर-टू-पीअर, म्हणजे एकाकडून थेट दुसऱ्याला देणारं, नेटवर्क तेच, मध्ये फक्त एक टपरी.

जंक्शनवाला | सोमवार, रात्री १०.२५

भुसावळहून. दिवसभर नेटवर्किंगचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

भाकरीताई, तुमच्या टपरीवाल्याचं नाव १९९९ मध्ये नॅपस्टर होतं. गाणी लोकांच्या संगणकांवर असायची, पण कोणाकडे काय आहे याची वही एकाच ठिकाणी. तलाठ्याच्या दप्तरासारखी. कोर्टाने ते दप्तरच धरलं आणि जुलै २००१ मध्ये कारभार बंद पडला. लाखो लोकांकडे गाणी तशीच होती, फक्त कोणाला कोणाचा पत्ता उरला नाही.

मार्च २००० मध्ये नूटेला आलं, त्यात वहीच नव्हती. ती दवंडी होती. तुम्ही शेजाऱ्यांना विचारायचं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, असं साधारण सात घरांपर्यंत. कोणाला धरायचं हा प्रश्न मिटला, पण गाव वाढलं तसा दवंडीचाच कल्ला इतका झाला की काम होईना.

मग २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटोरंट काढलं. त्याने शोधाशोधीच्या भानगडीत न पडता वाटपाचा प्रश्न घेतला. फाइलीचे तुकडे करायचे, आणि ज्याला जो तुकडा मिळाला त्याने तो लगेच पुढे द्यायचा. पूर्ण फाइल मिळेपर्यंत थांबायचं नाही.

तुमच्या आकड्यांत सांगतो. २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच एमबी. ८५ जीबी एकदा बाहेर काढायला साडेनऊ तास. पाच घरांना वेगवेगळं पाठवलं तर सत्तेचाळीस तास, आणि ते सगळे तुमच्याच लाइनीवर. टोरंटमध्ये सुरतेला तुकडा क्रमांक ७ गेला आणि पुण्याला ८ गेला, की ते दोघं आपसात ७-८ ची देवाणघेवाण करतात. तुमच्या घरातून साधारण एकच प्रत बाहेर पडली तरी पाची घरं भरू शकतात. तुम्ही पहिले आणि एकटे वाटणारे, म्हणून ‘सुपर सीडिंग’ चालू करा. म्हणजे तोच तोच तुकडा दोघांना द्यायचं ते टाळतं.

आणि यात फुकट्यांना आळा आहे. क्लायंट, म्हणजे तुमच्या संगणकावरचं टोरंटचं सॉफ्टवेअर, दर दहा सेकंदांनी बघतो की आपल्याला कोण जास्त देतंय, आणि त्यातल्या मोजक्यांनाच चांगला वेग देतो, मूळ मांडणीत चौघांना. शिवाय दर तीस सेकंदांनी एखाद्या अनोळख्याला उगाच संधी देतो, कारण नवा आला त्याच्याकडे द्यायला काहीच नसतं.

रावेरची_केळ | सोमवार, रात्री १०.४१

म्हणजे सावड. आज तू माझ्या बागेत, उद्या मी तुझ्या.

जंक्शनवाला | सोमवार, रात्री १०.४४

अगदी. आणि नव्या जावयाला पहिल्या वर्षी माफी.

शंकेखोर | सोमवार, रात्री १०.५२

एवढं कौतुक चाललंय, पण शेवटी टोरंट म्हणजे पायरसी आणि व्हायरस. शाळामास्तरांना कशाला नादी लावता? नोटीस आली तर?

पांझरा | मंगळवार, सकाळी ७.२०

धुळ्यात वकिली करतो. टोरंट ही पद्धत आहे, तिच्यावर गुन्हा नाही. लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या अनेक आवृत्त्या अधिकृतपणे टोरंटवर मिळतात, इंटरनेट आर्काइव्ह २०१२ पासून आपला साठा टोरंटनेही देतं.

गुन्हा कुठे होतो? दुसऱ्याचा हक्क असलेली वस्तू परवानगीशिवाय वाटली की. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. आणि एक गोष्ट लोक सोयीने विसरतात: टोरंटवर तुम्ही उतरवत असता तेव्हाच वाटतही असता. ‘मी फक्त बघायला घेतला हो’ हे तिथे टिकत नाही. बँडच्या कॅसेटी वगळल्या हे शहाणपण केलंत.

कानबाईची, आखाजीची गाणी परंपरेची, त्यांना कवी नाही. पण गाणाऱ्या बाया आहेत. सादर करणाऱ्याचाही हक्क असतो, कलम ३८, मुदत ५० वर्षं. ज्या हयात आहेत त्यांना विचारा. कायदा बाजूला ठेवला तरी विचारा.

बोरीकाठ | मंगळवार, सकाळी ८.०५

वकीलसाहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यात जास्त आवाज पारोळ्याच्या आत्याचा आहे. ३१ नंबरच्या कॅसेटीत गौराईचं गाणं चालू असताना ती मध्येच कोणाला तरी समई सरकवायला सांगते आणि न चुकता पुढची ओळ उचलते. रविवारी जाऊन येतो. तोवर हे घरातल्या घरात ठेवतो.

पुण्यातला_खान्देशी | मंगळवार, सकाळी ९.३०

घरातल्या घरात ठेवायचं तर टोरंट कशाला? सिंकथिंग वापरा. तेही पीअर-टू-पीअरच आहे, पण ओळख पटवलेल्या मशीनशिवाय कोणी आत येत नाही. आमच्या हॉस्टेलवर २००८ च्या सुमारास डीसी++ नावाचं फाइली वाटायचं सॉफ्टवेअर होतं, निदान १० जीबी शेअर केल्याशिवाय हबवर, म्हणजे सगळ्यांच्या कट्ट्यावर, घ्यायचे नाहीत. मी विंडोजचं फोल्डर शेअर करून आत शिरलो होतो, दुसऱ्या दिवशी हाकलला.

जंक्शनवाला | मंगळवार, सकाळी १०.१५

सिंकथिंग चांगलंच आहे, पण त्यात एकाने फाइल पुसली की ती सगळीकडे पुसली जाऊ शकते. सेटिंग नीट लावावं लागतं. मास्तरांना साठा गोठवून ठेवायचाय, तिथे टोरंट बरं.

मात्र मॅग्नेट लिंक, म्हणजे टोरंटच्या फाइलीऐवजी पाठवतात ती छोटी लिंक, तिला गुपित समजू नका. त्या लिंकमध्ये ४० अक्षरांचा एक ठसा असतो, हॅश. हा ठसा घेऊन तुमचा क्लायंट डीएचटीमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांनी आपसात वाटून घेतलेल्या पत्त्यांच्या वहीत, विचारत सुटतो. हे तंत्र कडेम्लिया नावाचं, २००२ मधलं. अनोळखी गावात स्टँडवर उतरून पाहुण्याचं घर विचारतो ना, तसं. पहिल्याला घर माहीत नसतं, पण ‘त्या आळीत विचारा’ एवढं सांगतो. आळीतला म्हणतो ‘मारुतीच्या पलीकडे’. दर वेळी तुम्ही जवळ जाता. फरक इतकाच की इथलं अंतर पावलांत मोजत नाहीत, दोन आकडे एकमेकांशी ताडून काढतात. लाखो मशीन असल्या तरी थोड्या विचारण्यांत पत्ता लागतो, आणि गावाचा नकाशा कोणाकडेच नसतो.

पण त्याच आळ्यांमधून फिरून ठसे गोळा करणारेही असतात. म्हणून टोरंट बनवताना ‘प्रायव्हेट’वर खूण करा, मग डीएचटी बंद. पत्ते जुळवायला छोटा ट्रॅकर माझ्या सर्व्हरवर चालवून देतो.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी १०.२२

म्हणजे पुन्हा तलाठीच आला की 😏

जंक्शनवाला | मंगळवार, सकाळी १०.३०

आला. मान्य. डीएचटीतही पहिल्यांदा शिरताना कोणाचा तरी ठरलेला पत्ता लागतोच, स्टँड कुठे आहे ते आधी माहीत असावं लागतं. पण हा तलाठी फक्त घराचे नंबर सांगतो, धान्य त्याच्या कोठारात नाही. तो मेला तर दुसरा बसवता येतो.

बोरीकाठ | बुधवार, रात्री ८.४५

तुमच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री टोरंट केलं. ४ एमबीचा तुकडा धरला, वीस हजारांवर तुकडे झाले, टोरंटची फाइल जेमतेम ४०० केबी. बाकीच्या पाचही घरांना पाठवली. पण सुरतेचा भाऊ आणि मी एकमेकांना दिसतच नाही. ट्रॅकर दोघं आहेत म्हणतो, जोडणी शून्य.

उधनाकर | बुधवार, रात्री ८.५८

मीच तो सुरतेचा. आज खातं उघडलं. दादा, लाईट हिरवा आहे, नेट चालू आहे, काहीच येत नाही.

जंक्शनवाला | बुधवार, रात्री ९.२०

दोघांनी राउटरमध्ये बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तो तुमचा नाही, कंपनीने शेकडो घरांत मिळून एक पत्ता वाटलाय. सीजीनॅट म्हणतात. चाळीला एकच दार आणि दाराशी एकच वॉचमन. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून आलेल्याला कोणत्या खोलीत जायचं ते वॉचमनला ठाऊक नसतं. दोघंही अशा चाळीत असलात तर कोण कोणाचं दार ठोठावणार?

पीअर-टू-पीअरचं खरं दुखणं आज हेच आहे. यात सगळे सारखे असावेत ही कल्पना, आणि निम्म्या लोकांना दारच नाही. पोर्ट फॉरवर्ड वगैरे इथे चालत नाही, ते तुमच्या खोलीचं दार उघडतं, चाळीचं नाही. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मिळतो का बघा. त्यात प्रत्येकाला स्वतःचा पत्ता.

उधनाकर | बुधवार, रात्री १०.०२

माझा १००.७८ ने सुरू होतो. राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद होतं, चालू केलं. दादाला फोनवर पाऊण तास सांगून त्याच्याकडेही केलं. आलं!! सेकंदाला १.९ एमबी!

बोरीकाठ | बुधवार, रात्री १०.१०

पाऊण तासात पंचवीस मिनिटं राउटरचा पासवर्ड शोधण्यात गेली. तो राउटरच्याच बुडाला चिकटवलेला होता.

बोरीकाठ | शुक्रवार, सकाळी ६.५०

मंडळी, मोठा घोळ. सुरत ९९.३ टक्के. पुणे ९९.३. नाशिकही ९९.३. रात्रभर तिघं तिथेच. आणि माझ्या स्वतःच्या संगणकावरही ९९.३, ‘उतरवत आहे’ म्हणतंय. अहो, माल माझा, मलाच कमी कसा पडेल? हार्ड डिस्क गेली का?

शंकेखोर | शुक्रवार, सकाळी ७.०५

गाडीने पाठवली असती तर बुधवारीच पोचली असती. एवढंच बोलतो.

रावेरची_केळ | शुक्रवार, सकाळी ७.३०

मागे मला एका जुन्या नाटकाचं असंच झालं होतं. ९७ वर अडकलं, कारण शेवटचे तुकडे ज्याच्याकडे होते तो मशीन बंद करून गेला. चार महिने यादीत तसंच पडून होतं. पण इथे तर मालकच बसलाय.

जंक्शनवाला | शुक्रवार, सकाळी ८.१५

थांबा, डिस्क गेली नाही. खराब डिस्क असती तर तिघांचा आकडा इतका बरोबर जुळलाही असता, पण तुमचा क्लायंट वाचण्याची चूक दाखवून थांबला असता. दोन प्रश्न. टोरंट बनवल्यानंतर त्या फोल्डरला हात लावलात का? आणि मध्ये मशीन बंद झालं होतं का?

बोरीकाठ | शुक्रवार, सकाळी ८.४०

मंगळवारी रात्री टोरंट झाल्यावर पाहिलं तर माहितीच्या रकान्यात सगळीकडे ‘कनबाई’ पडलं होतं. काना राहिलेला. १२८ ही फाइलींत एकदम दुरुस्त केला. गाण्याला हात लावला नाही हो, फक्त नाव. बुधवारी सकाळी लाईट गेली होती, संगणक पुन्हा चालू केला.

जंक्शनवाला | शुक्रवार, सकाळी ८.५२

सापडला. तुमच्या कान्यानेच घात केला!

बघा. टोरंटच्या त्या ४०० केबीमध्ये वीस हजारांवर तुकड्यांचा प्रत्येकी २० बाइटचा ठसा आहे. तुकडा आला की क्लायंट त्याचा ठसा काढून ताडतो, जुळला नाही तर टाकून देतो. एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. म्हणूनच अनोळखी माणसाकडून तुकडा घेतला तरी चालतो, देणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागत नाही.

फ्लॅकमध्ये नाव-गाव फाइलीच्या अगदी सुरुवातीला असतं. म्हणजे प्रत्येक फाइलीचा पहिला तुकडा बिघडला. १२८ फाइली, १२८ तुकडे. वीस हजारांत १२८ म्हणजे किती? ०.६ टक्के. उरले ९९.३ नि वर थोडं. लाईट गेल्यावर क्लायंटने फाइली बदललेल्या पाहिल्या, सगळं पुन्हा तपासलं आणि तुमचेच १२८ तुकडे नामंजूर केले. आता मूळ ‘कनबाई’वाले तुकडे जगात कोणाकडेच नाहीत, आणि पाची घरं तेच मागत बसलीत.

नशीब की नाव-गावाच्या या टॅगसाठी फाइलीत आधीच मोकळी जागा राखलेली असते, त्यामुळे लांबी तीच राहिली. ती वाढली असती तर पुढचं सगळं सरकलं असतं आणि टक्का एका आकड्यात आला असता.

कळण्याची_भाकरी | शुक्रवार, सकाळी ९.०१

एका कान्यासाठी सुरत-पुणे-नाशिक जागं! हे फक्त मराठीच्या मास्तरालाच जमू शकतं.

बोरीकाठ | शुक्रवार, सकाळी ९.०६

शिकवतो गणित 🙏 पुन्हा ८५ जीबी पाठवावे लागणार का?

जंक्शनवाला | शुक्रवार, सकाळी ९.१५

नाही. आता जे आहे त्याचंच नवं टोरंट करा, फोल्डरचं नाव तेच, तुकडाही ४ एमबीचाच. सगळ्यांनी जुनं यादीतून काढायचं, फाइली पुसायच्या नाहीत, आणि नवं टोरंट त्याच फोल्डरवर लावून ‘पुन्हा तपासा’ करायचं. ९९.३ तिथल्या तिथे जुळेल. उरतील १२८ तुकडे, साधारण अर्धा जीबी.

आणि मास्तर, मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून कपाटात. टोरंट म्हणजे बॅकअप नव्हे. नेटवर्क काहीच साठवत नाही, त्याच्याकडे नुसते ठसे आणि पत्ते असतात. साठवतं कोणाचं तरी घर.

पांझरा | शुक्रवार, सकाळी ११.४०

अवांतर: हे जमलं तर साने गुरुजींचं जुनं लेखनही असंच घराघरांत ठेवता येईल. ते १९५० मध्ये गेले, ६० वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २०११ पासून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन मुक्त आहे. अमळनेरहूनच सुरुवात झाली तर उत्तम.

बोरीकाठ | शुक्रवार, दुपारी १२.१०

आधी कानबाई तर पोचू द्या!

उधनाकर | शनिवार, रात्री ११.३५

१०० टक्के. हिरवा रंग. ‘सीडिंग’.

पुण्यातला_खान्देशी | रविवार, सकाळी १०.२०

मास्तरांचे पुण्याचे भाऊ माझ्याच सोसायटीत निघाले, काल रात्री त्यांचंही मीच बसून लावून दिलं. १००. पहिली कॅसेट तिथेच ऐकली. मागे कुत्रं भुंकतंय आणि कोणीतरी सारखं म्हणतंय, ‘काय करी ऱ्हायना रे, इकडे ये’. ते अण्णांना उद्देशून असावं.

बोरीकाठ | रविवार, रात्री ९.४०

पारोळ्याला जाऊन आलो. आत्याला मोबाइलवर ३१ नंबर लावून दिली. समई सरकवायला सांगते तिथे आली तशी स्वतःच हसली. विचारलं, हे गावाला ऐकवू का, सगळ्यांना देऊ का. तिने आधी एवढंच विचारलं: ‘मन्हा आवाज सुरतले गया?’ म्हटलं गेला. मग म्हणाली दे, पण लग्नातल्या शिव्यांच्या गाण्यांची बाजू काढ, विहिणी अजून जिवंत आहेत.

तेव्हा सगळ्यांसाठीच्या टोरंटमधून ती बाजू वगळतो. म्हणजे तिसरं टोरंट. यावेळी आधी सगळी शुद्धलेखनं तपासून.

शंकेखोर | रविवार, रात्री ९.५५

ती वगळलेली बाजू कोणत्या गाडीने येतेय ते कळवा. मी स्टेशनवर येतो.

बोरीकाठ | रविवार, रात्री १०.०८

😀😀

उधनाकर, पुणेकर, उद्या इकडे दुरुस्तीसाठी सकाळी नऊपासून लाईट नाही, तसा मेसेज आलाय. शिरपूरचं ६१ वर आहे, धुळ्याचं ४० वर. तुमच्यापैकी एकाने तरी मशीन चालू ठेवा.

उधनाकर | रविवार, रात्री १०.११

ठेवतो दादा. स्क्रीन बंद करतो, डबा चालू राहील. पोरांना सांगून ठेवलंय, बटणाला हात लावायचा नाही.